तारा विझलाच नाही! पिधानाचं रेकॉर्डिंग कोरं येत असेल तर काय तपासायचं

तक्रार नेहमीची आहे. पिधानांच्या भाकितांच्या यादीत लिहिलेलं असतं की पहाटे दोन वाजून सतरा मिनिटांनी अमुक तारा आठ-दहा सेकंद विझणार. दुर्बीण लावली, कॅमेरा जोडला, तारा स्क्रीनवर आला. दोन सतरा झाले, दोन वीस झाले, तारा आपला जागच्या जागी लुकलुकतोय. मग सामान गुंडाळायचं, वाटेत ‘भाकीतच चुकीचं होतं’ म्हणायचं आणि घरी येऊन पांघरूण ओढायचं.

कोल्हापुरातून हा उद्योग करताना माझं असं पाच वेळा झालं. त्यातली एकच वेळ अशी, की छाया खरोखर आमच्याकडं फिरकली नव्हती. उरलेल्या चार वेळा गडबड माझी होती, आणि चारही वेळा निराळी.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची छाया पृथ्वीवरून सरकत जाते. यालाच पिधान म्हणतात. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण समांतरच धरायचे, त्यामुळे छाया लघुग्रहाएवढीच रुंद पडते. शनी आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरणारा चॅरिक्लो साधारण २५० किलोमीटरचा आहे, म्हणजे त्याच्या छायेचा पट्टाही तेवढाच. अशा लांबच्या पिंडांची छाया बहुतेक वेळा सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगानं पळते. पट्ट्याच्या मधोमध असाल तर दहा-अकरा सेकंद, कडेला असाल तर दोन-तीन, आणि पट्ट्याबाहेर असाल तर शून्य.

आता मुद्द्यावर येतो. ‘काहीच झालं नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, छाया माझ्यावरून गेली नाही. दोन, मी नीट बघितलंच नाही. पहिला अर्थ हे चांगलं निरीक्षण आहे, कारण त्यातून लघुग्रहाचा काठ कुठं संपतो हे कळतं. दुसरा अर्थ म्हणजे वाया गेलेली रात्र. खालची सगळी तपासणी या दोन्हींत फरक करता यावा म्हणून आहे.

आधी तारीख बघा

हसू नका. माझी पहिली फजिती हीच. भाकीत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतं आणि आपण साडेपाच तास पुढं. यादीत ‘१३ फेब्रुवारी, २०:४७’ होतं. मी साडेपाच तास मिळवले, २:१७ आले, आणि १३ तारखेच्या पहाटे २:१७ ला थंडीत जाऊन बसलो. खरी घटना होती १४ च्या पहाटे. मी बरोबर एक रात्र आधी गेलो होतो, आणि हे लक्षात आलं तोवर खरी रात्र मी गाढ झोपून काढली होती.

आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. माझ्या आज्जीच्या हिशेबात वार सूर्योदयाला बदलतो. तिच्या पद्धतीनं मोजलं असतं तर ही चूक झालीच नसती. आता मी वहीत तारीख लिहीत नाही, ‘१३ आणि १४ च्या मधली रात्र’ असं लिहितो.

मग जागा

एका मित्राला बरेच दिवस कळेना की नकाशावर तो पट्ट्याच्या आत आणि सॉफ्टवेअरमध्ये बाहेर कसा. कोल्हापूर १६ अंश ४२ कला उत्तर, ७४ अंश १४ कला पूर्व. त्यानं भरलं होतं १६.४२ आणि ७४.१४. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभरावा नव्हे. दशांशात ते १६.७० आणि ७४.२३ व्हायला हवं. त्या एका टिंबानं गडी तीसेक किलोमीटर दक्षिणेला, गारगोटीच्या बाजूला जाऊन बसला होता. मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की दशांशातले आकडे मिळतात, तेच उतरवून घ्या.

वेळही आपल्या जागेचीच घ्या. छायेला अख्खी पृथ्वी ओलांडायला दहाएक मिनिटं लागतात. भाकिताच्या पानाच्या डोक्यावर जी एकच वेळ छापलेली असते ती सगळ्या पट्ट्यासाठीची मधली वेळ असते. ती धरून बसलात तर छाया चार मिनिटं आधीच निघून गेलेली असू शकते. ऑकल्ट वॉचर या पिधानांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली जागा टाकली की आपल्या गावची वेळ मिळते.

आणि भाकीत खरंच चुकतं का? लांबच्या पिंडांचं चुकतं, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. पृथ्वी-सूर्य अंतराच्या चाळीसपट लांब असलेल्या पिंडाच्या जागेत विकलेच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) शंभराव्या भागाची चूक असेल, तर छाया पृथ्वीवर सुमारे २९० किलोमीटर सरकते. कोल्हापूर ते मुंबई सरळ रेषेत जवळपास एवढंच अंतर आहे. ताऱ्यांच्या जागा आता गाया या अवकाश दुर्बिणीमुळे उत्तम माहीत आहेत. २०१८ साली तिची दुसरी यादी आली तेव्हापासून भाकितं पुष्कळ सुधारली. पण गायाला तारा कितीही चोख दिसला तरी लघुग्रहाची कक्षा थोडी ढिलीच राहते. म्हणून नकाशावर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेच्या तुटक रेषा असतात. माझं मत विचाराल तर तुटक रेषांच्या आत असाल तर जायचंच. पट्ट्याबाहेरच्या लोकांनी दुर्बिणी लावल्या नाहीत, तर छाया सरकली होती हे कळणार कसं?

स्क्रीनवरचा तारा तोच आहे का?

माझी दुसरी फजिती. सगळं बरोबर होतं, फक्त वीस मिनिटं मी शेजाऱ्याकडं बघत होतो.

झालं असं की कॅमेरा मी डायगोनलमधून, म्हणजे प्रकाश काटकोनात वळवणाऱ्या आरशातून लावला होता. डायगोनलच्या आरशामुळे चित्राची डावी-उजवी बाजू उलटते, आणि स्टेलेरियम या सॉफ्टवेअरमधला आकाशाचा नकाशा मात्र सरळ. ताऱ्यांचा त्रिकोण जुळल्यासारखा वाटला, कारण अर्ध्या रात्री माणसाला जुळवायचंच असतं. दुसऱ्या दिवशी चित्र उलटं करून पाहिलं तेव्हा कळलं.

उपाय दोन. डायगोनल काढून कॅमेरा थेट लावा. आणि घटनेच्या आधी एक, नंतर एक असा दहा-वीस सेकंदांचा लांब फोटो काढून ठेवा. तो प्लेट सॉल्व्ह करून घेतला, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून आकाशातली नेमकी जागा सॉफ्टवेअरकडून ओळखून घेतली, की शंकेला जागा उरत नाही, आणि पुढे कुणी विचारलं तर पुरावाही हातात राहतो.

तुमची दुर्बीण मोटारीशिवायची डॉब्सोनियन असेल तर आकाश फिरतंय याचाच फायदा घ्या. लक्ष्याच्याच क्रांतीवरचा (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश) पण आधी तिथून जाणारा एखादा ठळक तारा हेरायचा, तो मधोमध धरायचा आणि दुर्बिणीला हात लावायचा नाही. दोघांच्या विषुवांशातल्या (आकाशातल्या रेखांशातल्या) फरकाएवढ्या वेळानं आपला तारा आपोआप त्याच जागी येतो. त्या काळात दुर्बिणीला कुत्र्याचा धक्का लागणार नाही एवढं बघा.

डिप होती, पण एक्स्पोजरनं गिळली

हे दुखणं सगळ्यात जास्त जणांना असतं आणि सगळ्यात कमी जणांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर. डिप म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात पडलेला खड्डा.

तिसऱ्या वेळी लघुग्रह जवळचा होता, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यातला. तारा जास्तीत जास्त तीन सेकंद झाकला जाणार होता. तारा मंद म्हणून मी आठ सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं. चित्र काय सुंदर आलं! आठपैकी तीन सेकंद तारा गायब असेल तर त्या फ्रेममध्ये उरलेल्या पाच सेकंदांचा प्रकाश जमा होतो. म्हणजे तारा विझलेला दिसत नाही, नुसता थोडा मंद दिसतो. तीच घटना दोन फ्रेममध्ये विभागली गेली तर प्रत्येकीत घट आणखी कमी. माझ्या आलेखात एकच बिंदू खाली होता आणि तो मी हवेचा खेळ म्हणून सोडून दिला. दोन दिवसांनी मिरजेच्या मित्राचं रेकॉर्डिंग आलं. त्याच्या आलेखात भिंतीसारखी उभी डिप. मग माझा तो टाकून दिलेला बिंदू किती वाजताचा होता ते पाहिलं, आणि बराच वेळ काही बोललो नाही.

हिशेब असा ठेवा: अपेक्षित कालावधीच्या दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून कमी एक्स्पोजर. दहा सेकंदांची घटना असेल तर सेकंदभर चालेल, अर्धा सेकंद जास्त बरा. चित्र खरबरीत येईल, येऊ दे. तारा पार्श्वभूमीतून ओळखू येतोय ना, तेवढं पुरे. माझ्या आठ इंची दुर्बिणीत १२ व्या प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) तारा सेकंदाच्या पाचव्या भागातही धरता येतो. लांबच्या पिंडांचा एक मोठा फायदाही आहे: ते स्वतः १८ व्या, २० व्या प्रतीचे, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याच्या लेखी नसल्यातच जमा. त्यामुळे तारा झाकला की मंद होत नाही, पार नाहीसा होतो.

छोट्या एक्स्पोजरची किंमत काय, हे चॅरिक्लोनं दाखवलं. ३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतून त्याचं पिधान अनेक दुर्बिणींनी टिपलं. मुख्य डिपच्या आधी आणि नंतर बारीक डिप दिसल्या, आणि त्यावरून एवढ्याशा पिंडाला चक्क कडी असल्याचं कळलं. शनीसारख्या महाग्रहांखेरीज कुणाला कडी सापडण्याची ती पहिलीच वेळ. पण कडी एक नसून दोन आहेत हे वेगळं करून दाखवलं ते चिलीतल्या ला सिया इथल्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीनं, कारण तिच्यावरचा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रं घेत होता. रुंद कडं सातेक किलोमीटरचं. छायेच्या वेगात ते ताऱ्यासमोर सेकंदाचा तिसरा हिस्साही टिकत नाही. माझ्या आठ सेकंदांच्या फ्रेममध्ये त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

जाता जाता: ऑटो गेन आणि ऑटो एक्स्पोजर बंद करा. तारा विझला की कॅमेरा बापडा चित्र उजळवून देतो आणि आलेखाचा पार विचका होतो. डीएसएलआरनं एकेक फोटो काढत बसू नका; दोन फोटोंच्या मधल्या वेळेत छाया निघून जाते. शार्पकॅप या सॉफ्टवेअरमध्ये सलग रेकॉर्डिंग करा, फाइल पेनड्राइव्हवर नव्हे तर एसएसडीवर लिहा, आणि गळालेल्या (लिहायच्या राहून गेलेल्या) फ्रेमचा आकडा शून्य आहे ना ते बघत राहा. लॅपटॉपचं स्लीप आणि अपडेट बंद. हे सगळं संध्याकाळी घरी बसून करा, शेतात नव्हे.

डिप मिळाली, पण वेळ जुळेना

छाया सेकंदाला २२ किलोमीटर पळत असेल आणि लॅपटॉपचं घड्याळ दोन सेकंद मागं असेल, तर तुमचं निरीक्षण ४४ किलोमीटर सरकलं. म्हणजे बसलात कोल्हापुरात आणि कागदावर पोचलात सांगलीच्या पुढं. लॅपटॉपचं घड्याळ दिवसभरात सेकंदभर सहज सरकतं, त्यामुळे ‘काल मिळवलं होतं’ याला अर्थ नाही. एनटीपीचं, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारं, चांगलं सॉफ्टवेअर टाकून रेकॉर्डिंगच्या तासभर आधीपासून चालू ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर त्यासाठी आहेच. पण शेतात मोबाइलची एकच काडी असेल तर एनटीपीही डळमळतं. खात्रीचा मार्ग जीपीएसचा, मग तो कॅमेऱ्यातच असो की व्हिडिओवर वेळ छापणाऱ्या डबीचा.

जीपीएसचीही एक खोडी आहे. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढं असते. २०१७ च्या सुरुवातीपासून हा फरक आहे. तो किती वजा करायचा हे उपग्रहच सांगतात, पण तो पूर्ण संदेश साडेबारा मिनिटांत एकदाच फिरून येतो. थंड पडलेला रिसीव्हर चालू करून लगेच रेकॉर्डिंग सुरू केलं, तर सुरुवातीची काही मिनिटं वेळ चुकीची छापली जाऊ शकते. म्हणून जीपीएस वीस मिनिटं आधी चालू करायचा आणि उघड्या आकाशाखाली ठेवायचा, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही.

शेतातली रात्र

चौथी फजिती भोगावतीकाठच्या आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या शेतात झाली. ही मात्र खास आपल्या भागातली.

चारही बाजूंना ऊस. शहराचा उजेड लांब, आकाश काळंभोर, जागा एक नंबर वाटली. वारा होता म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावून घेतली. २०१७ च्या जुलैत नेपच्यूनपलीकडच्या अॅरोकॉथची छाया पकडायला पॅटागोनियात २४ दुर्बिणी मांडल्या होत्या, तेव्हा वाऱ्याला आडोसा म्हणून तिथल्या लोकांनी ट्रक उभे केले होते आणि गाड्यांचा उजेड नको म्हणून महामार्ग काही वेळ बंद ठेवला होता. पाच दुर्बिणींना डिप मिळाली. आमच्याकडं महामार्ग नव्हता. आम्हाला आडवी आली ती महावितरणची लाईट.

दोन वाजून तेरा मिनिटांनी, म्हणजे घटनेच्या चार मिनिटं आधी, रात्रपाळीची थ्री फेज लाईट आली. ऑटोवर टाकलेली मोटार घुर्र करून सुरू झाली आणि शेडवरचा दोनशेचा बल्ब लख्खकन पेटला. तेवढ्यानंही निभावलं असतं. पण उसात दिवसभर पाणी सोडलेलं, हवा ओली, आणि दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर कधी दव साचलं ते मी पाहिलंच नव्हतं. बल्बचा उजेड त्या दवात फुटला आणि स्क्रीन दुधासारखी पांढरी झाली. तारा गेला, शेजारचे तारे गेले, सगळंच गेलं.

मी शेडकडं पळालो. आबा आधीच पाणी फिरवायला उठले होते.

“काय रं, अजून बघालाईस व्हय?”

“आबा, तेवढा बल्ब बंद करा की!”

“बल्ब बंद केला तर पाणी कुठं चाललंय ते कसं दिसायचं लेका?”

वाद घालायला वेळ नव्हता आणि त्यांचं चूकही नव्हतं. बल्बवर पोतं टाकून परत येईपर्यंत दोन बावीस झाले होते.

तेव्हापासूनची व्यवस्था: जुनी योगा मॅट गुंडाळून दुर्बिणीच्या तोंडापुढं नळकांडं, लांबी दुर्बिणीच्या व्यासाच्या दीडपट तरी. काचेभोवती दव घालवणारी हीटरची पट्टी, तीही दव पडायच्या आधीपासून चालू. दर पंधरा मिनिटांनी टॉर्च तिरकी मारून काच बघायची. आणि काच चुकूनही पुसायची नाही. केस वाळवायचा ड्रायर लांबून मारायचा.

हंगामाचंही गणित आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडूनच द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दव. मग गळीत हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळांचा धूर आणि पाचट पेटवल्याचा धूर. वाऱ्याची दिशा बघूनच जागा धरायची. पन्हाळ्याचा मोह होतो, पण सुट्टीच्या रात्री तिथं पर्यटकांच्या गाड्यांचे हेडलाइट थेट दुर्बिणीत येतात. मला आतला एखादा माळ बरा वाटतो.

डिप दिसली तर लगेच नाचू नका

धूर, ढगाचा पुंजका, दव यांनीही तारा मंद होतो. फरक ओळखायचा तो शेजाऱ्यावरून. टांग्रा किंवा पायमूव्ही या प्रकाश मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या ताऱ्याबरोबर आणखी एक-दोन तारे मोजायला लावा. सगळे एकदम उतरले तर ढग. आपलाच एकटा उतरला, तोही कड्यावरून पडल्यासारखा, आणि तसाच एकदम वर आला, तर पिधान. सॉफ्टवेअर ताऱ्याभोवती धरतं त्या मापनाच्या वर्तुळातून तारा निसटला तरी अशीच डिप दिसते, म्हणून त्या फ्रेम डोळ्यांनी उघडून बघा.

रेकॉर्डिंग आधी आणि नंतर किमान दहा-दहा मिनिटं चालू ठेवा, कारण गंमत कडेलाच असते. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. विमानातल्या कायपर दुर्बिणीवर रेकॉर्डिंग बरंच आधी सुरू केलं होतं, म्हणून ग्रह ताऱ्यापाशी पोचायच्या अर्धा तास आधीच्या बारीक डिप मिळाल्या. त्याच रात्री तामिळनाडूत कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनाही डिप मिळाली. त्यांना आधी तो नवा उपग्रह वाटला. निघालं युरेनसचं कडं.

आता पाचवी वेळ, जेव्हा छाया खरंच आली नाही. त्या रात्री कळंब्याच्या पुढं एका माळावर होतो. वहीत असं लिहिलंय: रेकॉर्डिंग ०१:४८ ते ०२:११, एक्स्पोजर ०.४ सेकंद, गळालेल्या फ्रेम शून्य, वेळ जीपीएसवरून, आधी-नंतरचे दोन्ही फोटो प्लेट सॉल्व्ह झालेले, काच कोरडी, डिप नाही. हे असंच्या असं नोंदी गोळा करणाऱ्यांकडं पाठवून दिलं, ‘निरीक्षण केलं, पिधान नाही’ या रकान्यात. नंतर समजलं की छाया आमच्या दक्षिणेकडून गेली होती.

आबांच्या शेतात पुन्हा जायचं आहे, आकाश तिथलंच चांगलं. यावेळी त्यांना आधीच फोन करून विचारलंय की त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची. रात्रीची निघाली तर बल्बवर टाकायला पोतं तयार आहे, आणि आबांना डोक्याला लावायची लाल बॅटरी घेऊन जाणार आहे.